फाशी यार्डातला एकांत आणि बाहेर कुणी नसलेली माणसे

५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाशिक जिल्ह्यातील एका दरोडा आणि खुनाच्या खटल्यातील सहा जणांना निर्दोष सोडले. हे सहाही जण भटक्या जमातीतले, मजुरी करून पोट भरणारे. गुन्हा जून २००३ मधला. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून उरलेल्या तिघांना जन्मठेप दिली, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच योग्य ठरवली. त्याच न्यायालयाने पुढे दहा वर्षांनी सगळे पुरावे नव्याने तपासले, तेव्हा हल्ल्यातून बचावलेल्या साक्षीदार महिलेने सुरुवातीलाच पोलिसांकडच्या छायाचित्रांतून वेगळ्याच चार जणांना ओळखले होते आणि त्या चौघांचा तपास पुढे झालाच नाही, ही गोष्ट निकालाच्या केंद्रस्थानी आली. तोवर या सहा जणांची सोळा वर्षे तुरुंगात गेली होती.

या निकालपत्रातला एक भाग मी माझ्या कामाच्या निमित्ताने अनेकदा वाचला आहे. सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर सिद्ध झाले. म्हणजे कायद्याने ज्याला फाशी देताच येत नव्हती, असा मुलगा फाशीच्या कैद्यांमध्ये वाढला. त्याला एकांतात ठेवले होते, माणसांशी त्याचा संबंध अत्यंत मर्यादित होता, भेटायला फक्त आईला परवानगी होती आणि तीही क्वचित, आणि या सगळ्याचा त्याच्या मनावर झालेला परिणाम मनोविकारतज्ज्ञाने नोंदवला होता, असे न्यायालयाने लिहिले आहे. राज्य सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश झाला.

मी काही वर्षे विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवरची वकील म्हणून काम केले आहे, म्हणजे ज्यांना वकील करणे परवडत नाही त्यांच्यासाठी नेमली जाणारी वकील. त्या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे. एकांतवासाने मनाची होणारी मोडतोड आणि न्यायव्यवस्थेतली विषमता हे आपण दोन वेगळे विषय समजतो, पण तुरुंगाच्या आत ती एकच गोष्ट असते. कारण एकांत फोडू शकणारी माणसे बाहेरून यावी लागतात: नेमाने भेटणारा वकील, भाडे खर्चून येणारे नातेवाईक, पत्र लिहिणारे मित्र, एखादा पत्रकार. ज्याच्याकडे यांतले कुणी नाही, त्याची कोठडी अधिक घट्ट बंद होते आणि तिच्यात त्याचे काय होते हे कुणालाच कळत नाही.

कायदा काय सांगतो, ते आधी पाहू. भारतीय दंड संहितेच्या कलम ७३ आणि ७४ नुसार एकांतवास ही न्यायाधीशाने द्यायची शिक्षा होती आणि तिला कडक मर्यादा होत्या. एकूण तीन महिन्यांपेक्षा जास्त नाही, एका वेळी चौदा दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि दोन खेपांमध्ये तितकाच खंड. विधी आयोगाने १९७१ च्या आपल्या बेचाळिसाव्या अहवालात ही शिक्षाच काढून टाकावी, अशी शिफारस केली होती. तरीही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम ११ आणि १२ म्हणून जशीच्या तशी आली. प्रत्यक्षात न्यायाधीश ही शिक्षा देताना जवळजवळ दिसत नाहीत. माणूस एकटा पडतो तो तुरुंग प्रशासनाच्या व्यवस्थेमुळे, आणि त्या व्यवस्थेला ना चौदा दिवसांची मर्यादा असते ना तीन महिन्यांची. १८९४ च्या कारागृह अधिनियमाचे कलम ३० म्हणते की, फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याला इतर सर्व कैद्यांपासून वेगळ्या कोठडीत, रात्रंदिवस पहाऱ्यात ठेवावे. हा कायदा झाला त्यानंतर दोनच वर्षांनी अंदमानात सेल्युलर जेलचे बांधकाम सुरू झाले. तिथल्या ६९३ कोठड्यांविषयी आपण मराठी माणसे शाळेपासून वाचत आलो आहोत आणि त्या कोठड्यांनी माणसांचे काय केले, हे आपल्याला कुणी पटवून द्यावे लागत नाही. येरवड्याच्या फाशी यार्डाविषयी, म्हणजे फाशीच्या कैद्यांच्या वेगळ्या विभागाविषयी, किंवा नागपूरच्या अंडा सेलविषयी, म्हणजे कडेकोट बंदोबस्तातल्या कोठड्यांविषयी मात्र ते पटवून द्यावे लागते, याचे मला फार वाईट वाटते.

त्याच १८९४ च्या कायद्यात कलम २९ आहे. चोवीस तासांपेक्षा जास्त काळ एकट्या कोठडीत ठेवलेल्या कैद्याला वैद्यकीय अधिकाऱ्याने किंवा त्याच्या हाताखालच्या वैद्यकीय कर्मचाऱ्याने दिवसातून किमान एकदा भेटले पाहिजे, आणि त्या कोठडीतून अधिकाऱ्याशी कधीही संपर्क साधण्याची सोय असली पाहिजे, असे ते कलम सांगते. म्हणजे एकटे ठेवणे प्रकृतीला घातक आहे, याची जाण इंग्रजांच्या तुरुंग खात्यालाही होती.

१९७८ मध्ये सुनील बत्रा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने कलम ३० चा अर्थ आवळला. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड पीठाच्या अध्यक्षस्थानी होते, न्या. कृष्ण अय्यर आणि न्या. देसाई यांनी निकालपत्रे लिहिली. बत्रा तिहारमध्ये होते आणि सत्र न्यायालयाने फाशी सुनावल्यापासूनच त्यांना एकटे ठेवले होते. न्यायालयाने सांगितले की, अपील, पुनर्विचार, दयेचा अर्ज हे सगळे मार्ग संपून शिक्षा अटळ होईपर्यंत कैद्याला या कलमाखाली वेगळे काढता येणार नाही. २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान यांच्या याचिकेवरील निकालात न्यायालयाला हेच पुन्हा सांगावे लागले. आणि २०२२ मध्ये पुन्हा. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या पीठासमोर आलेल्या बी. ए. उमेश यांच्या प्रकरणात असे दिसले की, बेळगावच्या हिंडलगा तुरुंगात या कैद्याला २००६ पासून सुमारे दहा वर्षे एकांतात ठेवले होते. २००६ मध्येच बत्रा निकालाला जवळपास तीन दशके होत आली होती. न्यायालयाने त्या एकांतवासाचे कैद्याच्या प्रकृतीवर झालेले दुष्परिणाम मान्य केले आणि फाशी रद्द करून किमान तीस वर्षांची जन्मठेप दिली.

उमेश यांचा अपराध सिद्ध झाला होता आणि तो भयंकर होता: बलात्कार आणि खून. अशा माणसाची कणव कशासाठी, असा प्रश्न मला घरातही विचारला जातो आणि तो विचारणाऱ्यांना मी निर्दय समजत नाही. ज्यांच्या घरातले माणूस गेले, त्यांचे दुःख या चर्चेत कुणी हलके मानू नये. पण शिक्षा न्यायालयाने ठरवायची असते, आणि एकाही न्यायालयाने या माणसाला दहा वर्षे एकांताची शिक्षा दिलेली नव्हती. ती तुरुंगाने दिली, आणि तीही सर्वोच्च न्यायालयाचा निकाल डावलून. नाशिकच्या प्रकरणातला मुलगा निर्दोष होता आणि हिंडलग्यातला माणूस दोषी, पण कोठडीने या दोघांत काही भेद केला नाही.

एकांतात मनाचे काय होते, याचा अभ्यास जुना आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ स्टुअर्ट ग्रासियन यांनी मॅसॅच्युसेट्समधील वॉलपोल तुरुंगातील चौदा कैद्यांची तपासणी करून १९८३ मध्ये निष्कर्ष मांडले. बारीकसारीक आवाज असह्य होणे, भास होणे, अचानक घाबरे होणे, लक्ष आणि स्मरणशक्ती ढासळणे, मनात नको ते विचार घर करून बसणे, स्वतःला इजा करण्याची ऊर्मी, अशी ती लक्षणे आहेत. न्यूयॉर्क शहरातील तुरुंगांचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याहून स्पष्ट बोलतो. तुरुंगात दाखल झालेल्यांपैकी एकांताच्या वाट्याला गेलेले फक्त ७.३ टक्के होते, पण स्वतःला इजा करून घेण्याच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे ५३.३ टक्के घटना या थोड्या लोकांत घडल्या. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांनी म्हणूनच व्याख्या करून ठेवली आहे: दिवसाचे बावीस तास किंवा त्याहून अधिक काळ अर्थपूर्ण मानवी संपर्काशिवाय ठेवणे म्हणजे एकांतवास, आणि तो सलग पंधरा दिवसांपलीकडे गेला तर निषिद्ध.

यातला अर्थपूर्ण संपर्क हा भाग आपल्याकडे नेहमी निसटतो. तुरुंगाच्या उत्तरात लिहिलेले असते की कैद्याला जेवण देणारा येतो, गिनतीला शिपाई येतो, शेजारच्या कोठडीतला आवाज त्याला ऐकू जातो, म्हणून तो एकांतात नाही. मी एकदा एका वेगळ्या ठेवलेल्या कैद्याची मुलाखत घेण्यासाठी गेले होते. त्याची ओळख पटू नये म्हणून तुरुंग, गाव, गुन्हा यांतले काहीच सांगत नाही. जाळीपलीकडे तो उभाच राहिला. बसायला सांगितले तरी बसला नाही. माझ्या प्रत्येक प्रश्नानंतर बराच वेळ जाई, आणि उत्तर येई ते दोन-तीन शब्दांचे. बाहेरच्या ओट्यावर कुणाच्या तरी हातून स्टीलचे ताट पडले, तेव्हा त्याने दोन्ही हात कानांवर घट्ट दाबले आणि तो आवाज विरून गेल्यानंतरही बराच वेळ काढले नाहीत. सोबतचा शिपाई चांगला माणूस होता. तो मला म्हणाला, “मॅडम, हा काही त्रास देत नाही. एकदम शांत असतो.” कागदोपत्रीही हेच नोंदवलेले होते: वर्तन समाधानकारक.

त्याच्या आईला मी नंतर भेटले. ऊसतोडीला जाणारी बाई. कारखान्याचा हंगाम सुरू असला की मुलाखतीला, म्हणजे तुरुंगातल्या भेटीला, येणे शक्यच नसे, कारण मुकादमाची उचल घेतलेली. हंगाम संपला की एस.टी.चे भाडे जमवून येई. एकदा आधार कार्डावरचे नाव आणि तुरुंगाच्या नोंदवहीतले नाव जुळेना, म्हणून तिला फाटकावरूनच परत पाठवले. शेवटच्या भेटीविषयी ती मला म्हणाली, “ताई, त्यो मला तुमी म्हनला. आईला कुनी तुमी म्हनतं का ओ?” वर्षानुवर्षे ज्याचे बोलणे फक्त वर्दीतल्या माणसांशी झाले, त्याच्या तोंडी आईसाठीही तेच संबोधन आले होते. मी त्या प्रकरणात जे अर्ज लिहिले, त्यांत हे वाक्य कुठे बसवावे हे मला कळले नाही. कायद्याच्या भाषेत त्याला जागा नव्हती, आणि मनोविकारतज्ज्ञाची भेट घडवून आणायलाच अर्जामागून अर्ज करावे लागले.

आता असे वेगळे काढले जाणारे लोक असतात कोण? दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये देशभरातील फाशीच्या कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील ७४.१ टक्के कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते. त्याच विद्यापीठाच्या ‘प्रोजेक्ट ३९ए’ने २०२१ मध्ये फाशीच्या ८८ कैद्यांच्या मानसिक आरोग्याचा अहवाल काढला, तेव्हा त्यांतील ६२.२ टक्के कैद्यांना कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले. फाशी यार्डाबाहेरचे चित्र पाहिले तर २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही असे. यांतल्या कित्येकांना जामीन मंजूर झालेला असतो, पण जामीनदार मिळत नाही. जामीनदार मिळाला तर तहसील कार्यालयातून त्याचा ऐपतीचा दाखला मिळत नाही. पारधी किंवा वडार वस्तीवरच्या माणसाकडे सातबारा नसतो, घरपट्टीची पावती नसते, कधीकधी रेशनकार्डही नसते. ऐपतदार नातेवाईक तरी तो आणणार कुठून? काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी ‘सराईत’ हा शिक्का या जमातींच्या माणसांना पोलीस ठाण्यापासून तुरुंगापर्यंत चिकटून राहिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये, मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांमधील जातीवर आधारलेल्या तरतुदी आणि विमुक्त जमातींना जन्मतः गुन्हेगारी वृत्तीचे समजणारे उल्लेख घटनाबाह्य ठरवले. त्या नियमावल्या तोपर्यंत चालू होत्या.

पैशावाचून जामीन अडतो आणि जामिनावाचून माणूस कोठडीत मोडतो, याचे जगाला ठाऊक झालेले उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. कलिफ ब्राउडर हा सोळा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा २०१० मध्ये पाठीवरची सॅक चोरल्याच्या आरोपावरून पकडला गेला. जामिनाचे तीन हजार डॉलर त्याच्या कुटुंबाकडे नव्हते. खटला न चालताच तो तीन वर्षे रायकर्स आयलंडच्या तुरुंगात राहिला, त्यातली सुमारे दोन वर्षे एकांतात. २०१३ मध्ये आरोप मागे घेतले गेले आणि तो घरी आला. जून २०१५ मध्ये, बावीस वर्षांचा असताना, त्याने आत्महत्या केली. त्याची हकीकत छापून आली होती, म्हणून लोक हलले. न्यूयॉर्क राज्याने २०२१ मध्ये सलग पंधरा दिवसांपेक्षा जास्त एकांतवासाला बंदी घालणारा कायदा केला.

हकीकत छापून येणे हेही एक प्रकारचे भांडवल आहे. माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून जन्मठेप झालेले दिल्ली विद्यापीठाचे प्रा. जी. एन. साईबाबा नागपूर मध्यवर्ती कारागृहाच्या अंडा सेलमध्ये वर्षानुवर्षे राहिले. ९० टक्के अपंगत्व, चाकाच्या खुर्चीवरचे आयुष्य. २०२० मध्ये आई मृत्युशय्येवर असताना त्यांना अभिवचन रजा (पॅरोल) मिळाली नाही. ५ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना निर्दोष मुक्त केले आणि त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला हैदराबादमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या विचारांविषयी कुणाचे काहीही मत असो, त्यांची पत्नी, वकील आणि सहकारी सतत बोलत राहिले म्हणून अंडा सेल कसा असतो हे आपल्याला थोडेतरी कळले. एवढे लोक पाठीशी असूनही निर्दोष सुटेपर्यंत त्यांना त्या कोठडीतून बाहेर काढता आले नाही, हे लक्षात घेतले की जिच्याकडे एस.टी.चे भाडेही नाही अशा आईच्या मुलाची स्थिती काय असेल, याचा अंदाज करता येतो.

एक गोष्ट मला वकील म्हणून विशेष खटकते. मे २०२२ मध्ये मनोज यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फार चांगले निर्देश दिले: फाशी द्यायची की नाही हे ठरवताना आरोपीचा मानसिक तपासणी अहवाल आणि तुरुंगातील त्याच्या वर्तनाचा अहवाल मागवावा, तो शिकतो का, काम करतो का, हे पाहावे, कारण त्यावरून तो सुधारू शकतो का हे कळते. पण ज्याला वेगळे ठेवले आहे त्याला कारखान्यात काम मिळत नाही, वर्गात बसता येत नाही, इतर बंद्यांबरोबर तो कसा वागतो हे दाखवायला इतर बंदीच नसतात. मग अहवालात त्या रकान्यांपुढे ‘निरंक’ लिहिले जाते. माणसाला एकटे ठेवून त्याच्याविषयी चांगले बोलू शकणारा पुरावाच तयार होऊ द्यायचा नाही आणि मग पुरावा नाही म्हणायचे, याला मी अन्यायच म्हणेन.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला. त्याचे कलम ९७ म्हणते की मनोरुग्णाला एकांतात ठेवता येणार नाही. कलम १०३ नुसार तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला अहवाल पाठवून, तुरुंगात मनोरुग्ण कैदी नाहीत असे प्रमाणित करायचे असते. हेतू हा की आजारी कैदी वेळेवर उपचाराच्या जागी हलवला जावा. पण कोठडीत गप्प बसून राहणारा, कुणाला त्रास न देणारा माणूस आजारी आहे हे ओळखायला त्याच्याशी बोलावे लागते. जो भिंतीवर डोके आपटतो तो निदान दिसतो, आणि बऱ्याचदा त्यालाही बेशिस्त म्हणून अधिक वेगळे केले जाते. जो शांत झाला आहे, तो अहवालात निरोगी ठरतो.

म्हणून वेगळ्या ठेवलेल्या प्रत्येक अशिलासाठी मी अर्जात काही ठराविक गोष्टी मागते: त्याला कोणत्या आदेशाने आणि किती काळासाठी वेगळे ठेवले, दिवसातून किती तास तो कोठडीबाहेर असतो, त्या वेळात त्याच्यासोबत कोण असते, मागच्या तिमाहीचा मानसिक आरोग्य अहवाल कुणी लिहिला, आणि ज्या नातेवाइकांना प्रवासखर्च परवडत नाही त्यांच्यासाठी व्हिडिओ मुलाखतीची सोय का झाली नाही. उत्तर बहुतेक वेळा दोन ओळींचे येते: संबंधित बंद्यास सुरक्षेच्या कारणास्तव स्वतंत्र ठेवण्यात आले आहे, प्रकृती ठीक आहे. या उत्तरावर मी आता दुसरा अर्ज करते. प्रकृती ठीक आहे असे लिहिणारे वैद्यकीय अधिकारी त्या कोठडीपाशी कोणत्या तारखांना गेले, कारागृह अधिनियमाच्या कलम २९ प्रमाणे रोजच्या भेटीची नोंदवही कुठे आहे, आणि बंदी त्यांच्याशी काय बोलला, एवढेच त्यात विचारलेले असते.